ओंडक्याएवढा धडा

नव्या बाई तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मोठ्या बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. नव्या बाईंना शाळेत लागून फार दिवस झाले नव्हते. खांद्याला पिशवी, कपाळाला आठी, आणि चपला काढायच्या आधीच बोलणं सुरू.

"मोठ्या बाई, तुमचा सगळा जन्म त्या शाळेत गेला. मला एवढंच सांगा, ती मुलं वाचताना गुणगुणतात कशाला?"

मोठ्या बाईंच्या हातातला सदरा हातातच राहिला.

"अजून गुणगुणतात?"

"अजून म्हणजे? सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मनात वाचा म्हटलं की माना खाली घालतात आणि सगळा वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमायला लागतो. ओठ मिटलेले. कोण करतंय विचारलं तर कोणीच नाही. का करता विचारलं तर म्हणतात, वाचतोय. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. साहेब काय म्हणतील?"

"एका साहेबांनी काय म्हटलं ते मला माहीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "बैस. बंद करायच्या आधी ते आलं कुठून, ते ऐकून घे. मग काय करायचं ते कर."

त्यांचा आवाज मुळातच लहान. नव्या बाईंना खुर्ची पुढे ओढून घ्यावी लागली.

त्या काळी त्या मोठ्या बाई नव्हत्या. नुसत्या बाई होत्या, आणि त्याही धड नव्हत्या. शिक्षिकेचं शिक्षण पुरं करून शहरातल्या एका भल्यामोठ्या शाळेत लागल्या आणि वर्ष भरायच्या आत घरी परत आल्या. कारण एकच, आवाज. तिथले हेडमास्तर एकदा वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, हात कानामागे धरला, बराच वेळ ऐकायचा प्रयत्न केला आणि बाहेर बोलावून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता छान, पण ते तुमच्यापाशीच राहतं. शेवटच्या बाकापर्यंत काही पोहोचत नाही."

बाईंनी मीठ घालून गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, मोकळ्या माळावर जाऊन ओरडून पाहिलं. घसा बसला, आवाज होता तेवढाच राहिला.

घरी सासूबाईंना कमी ऐकू यायचं. नवरा शिंपी, त्याचं शिवणयंत्र दिवसभर पुढच्या खोलीत खडखडत असायचं. तो म्हणायचा, "आपलं घर बघ कसं आहे. एकीला ऐकू येत नाही, एकीचं ऐकू येत नाही, आणि माझं तर कोणी ऐकूनच घेत नाही." बाई हसायच्या. पण पाटी-पुस्तक घेऊन रस्त्याने जाणारी पोरं दिसली की सुईत दोरा ओवता ओवता त्यांचा हात थांबायचा.

वस्तीच्या टोकाला लाकडाची वखार होती. तिथे हमालांची, गाडीवाल्यांची पोरं दिवसभर ओंडक्यांवर चढायची, उतरायची. शाळा होती ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, तिकडे लहान पोरांना कोण पाठवणार? एक दिवस रचलेल्या थप्पीतून ओंडका सुटला आणि खेळणाऱ्या पोरांच्या अगदी शेजारून गडगडत गेला. कोणाला खरचटलंही नाही. पण वखारवाले काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वखारीच्या अर्ध्या छपराखालची लाकडं हलवली, मधे फळ्यांची आडभिंत ठोकली आणि सांगून टाकलं, इथे शाळा. शेजारच्या मोकळ्या जागेत पक्क्या इमारतीचा पायाही खणायला घेतला.

जागा झाली, पोरं होतीच, शिक्षक मिळेना. भुशात बसून शिकवायला कोण येणार? म्हणून बाई गेल्या.

काका खाटेवर बसले होते. त्यांनी दोन-चार गोष्टी विचारल्या आणि दर वेळी "काय?" म्हणून पुढे वाकले.

"आवाज जरा लहान आहे का हो तुमचा?"

"हो, काका."

"पुढेमागे मोठा होईल?"

"नाही होणार."

खरं बोलणारी बाई काकांना आवडली, पण शाळेची काळजीही त्यांचीच होती. ते म्हणाले, "मग असं करू. माझा मेहुणा गुरुजी आहे. बोलायला लागला की भिंतीचे पोपडे पडावेत. पण पक्की खोली झाल्याशिवाय मी येणार नाही म्हणतो. तेव्हा इमारत होईपर्यंत तुम्ही सांभाळा. इमारतीत तपासणीचे साहेब येतील, त्या दिवशी काय ते ठरवू."

त्या दिवसापासून बाईंची एक विचित्र कसरत सुरू झाली. सकाळी शाळेत जाताना त्या बांधकामाकडे बघायच्या. भिंत वीतभर वर आलेली दिसली की पोरांसाठी बरं वाटायचं, आणि आपले या शाळेतले दिवस तेवढेच खाली आले हेही कळायचं.

पहिल्याच सकाळी बाईंनी खडू उचलला आणि आडभिंतीच्या पलीकडे करवत सुरू झाली. यंत्रावरची ती मोठी करवत. आधी घूं करून फिरायची, ओंडक्याला भिडली की किंचाळायची, मग खालच्या जाड सुरात लाकूड खात राहायची. अख्खं छप्पर थरथरायचं. बाई बोलत होत्या ते त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. पोरं आपली टकामका बघतायत. दिवस तसाच गेला.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा केसांत, भुवयांत, पदरात सगळीकडे भुसा. सासूबाई झटकायला लागल्या. "शाळेत गेली होतीस की सुताराकडे?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, नुसते ओठ हलले. सासूबाई तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग त्या करवतवाल्याशी बोल की. रडतेस काय?"

"आई, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतंय. दिसलं. घरातली, दारातली सगळी माझ्यावर ओरडतात. ओरडलं की माणसाचं तोंड वाकडं होतं, मग मला काही म्हणजे काही कळत नाही. तू समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलतेस. तुझं मला सगळं कळतं. त्या पोरांना तर वर कानही आहेत."

पुढच्या खोलीतून शिंपी ओरडला, "काय चाललंय आत?"

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "हा काय म्हणाला कोणाला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ओळी मोडल्या. पोरांना गोल बसवलं आणि स्वतः मधे बसल्या. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड. कोणी शेवटचं राहिलंच नाही. मग आडभिंतीला वळसा घालून त्या करवतवाल्या मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री उघडाबंब माणूस, छातीवरचे केसदेखील भुशाने पिवळे झालेले, आणि मिश्कील असा की ओंडक्यालाही टोपणनाव ठेवायचा.

"मिस्त्री, तुमची करवत थांबते कधी?"

"एक ओंडका संपला आणि दुसरा चढवला की मधे थांबते, बाई. चढवायला वेळ लागतो."

"तेवढ्यात मी बोलते. करवत चालली की आम्ही वाचतो नि लिहितो. फक्त ओंडका केवढा आहे ते मला आधी सांगत जा."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "म्हणजे ओंडक्याएवढा धडा?"

"हो. तसंच."

"मग हा बघा, हा जाडजूड मामलेदार आहे. याला मोठा धडा काढा. आणि तो कोपऱ्यातला काटकुळा, त्याला कविता पुरे."

असा करार झाला. मिस्त्री फळीवर हात आपटून वर्दी द्यायचे, "बाई, मामलेदार!" की पोरं लांबलचक धडा उघडायची. "बाई, काटकुळा!" की कविता. करवत चालू असताना बाई हातांनी बोलायच्या. मूठ म्हणजे थांबा, दोन बोटं म्हणजे पुढचं पान, तळवा हलवला की खाली भुशात अक्षर काढा. भुसा हीच पाटी. चुकलं तर हाताने सारखं केलं की झालं, कोणी चिडवायचं नाही, खोडल्याचा डागही राहायचा नाही. करवत ओंडक्यातून बाहेर पडताना तिचा सूर एकदम उतरायचा, मग थांबायची. बाई हळूच म्हणायच्या, "हं, बोला आता." आणि इतका वेळ तोंडात धरून ठेवलेलं सगळं पोरं एकदम बोलायला लागायची. ज्याला प्रश्न पडलाय तो प्रश्न विचारायचा, ज्याला उत्तर सापडलंय तो ते ओरडून सांगायचा. पाढे म्हणायची वेळही तीच. मिस्त्री ओंडका चढवता चढवता पोरांबरोबर पाढे म्हणायचे आणि तेरापाशी दर वेळी घसरायचे. मग पोरं त्यांना फळ्यांच्या फटीतून सांगायची.

दुपारी त्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत यायच्या आणि भुसा त्यांच्यात तरंगत राहायचा. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास वह्यांना लागायचा. कधी मिस्त्री कापलेल्या खोडाची चकती सरकवून द्यायचे, मग त्या दिवशी सगळे मिळून झाडाचं वय मोजायचे. शिंप्याने उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. एकीची एक बाजू फुलांची तर दुसरी रेघांची. पोरं म्हणायची, आमची पिशवी दोन-दोन शाळांत जाते. बाईंना सुट्टीचा दिवस खायला उठायचा. नवरा म्हणायचा, "लग्न माझ्याशी झालंय की त्या वखारीशी?" बाई म्हणायच्या, "वखार निदान भुसा झटकून ये म्हणत नाही."

एक मुलगी होती, सगळे तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती कधी सरळ चालतच नसे. एकदा करवत चालू असताना ती वाचत होती, आणि बाईंनी सहज तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ आतून थरथरत होती. ओठ मिटलेले, डोळे पुस्तकात, आणि छातीतून घूं असा सूर चाललेला, करवतीच्या सुरात सूर मिळवून. बाईंनी शेजारच्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. तिथेही तेच. त्या आवाजात ते कोणालाच ऐकू जात नव्हतं. सगळी पोरं करवतीबरोबर गुणगुणत वाचत होती. बाईंना गंमत वाटली. हे पुढे आपल्या मुळावर येईल असं तेव्हा डोक्यातही आलं नाही.

इमारत झाली. गुळगुळीत भिंती, बाक, रंगवलेला फळा, दाराला कडी. वखार हाकेच्या अंतरावर, पण दारं-खिडक्या लावल्या की करवत ऐकूही येईना. बाई म्हणाल्या, "चला, पुस्तक उघडा, मनात वाचा." कोणी पुस्तक उघडेना.

"काय झालं?"

"बाई," भिंगरीने विचारलं, "करवत कधी लागणार?"

"इथे करवत नाही, बाळा. आता शांततेत वाचायचं."

पोरांनी मान हलवली, पुस्तकं उघडली आणि बसून राहिली. एक बाकावरची गाठ नखाने उकरतोय, एक कौलांकडे बघतोय. पान उलटल्याचा आवाज काही येईना. मग कुठूनतरी बारीक घूं सुरू झालं. भिंगरीच. मग दुसरं, मग तिसरं, आणि बघता बघता सगळा वर्ग घुमायला लागला आणि पानं उलटू लागली.

बाई दचकल्या. वखारीत जे झाकलेलं होतं ते इथे उघडं पडलं होतं. त्यांनी मूठ दाखवली. गुणगुण थांबली, आणि वाचनही थांबलं. रोज हाच प्रकार. थांबवलं की वाचत नाहीत, वाचायला लागली की थांबत नाहीत. तपासणीचा दिवस जवळ येत चालला आणि बाईंना एकीकडे आपला लहान आवाज दिसायचा, एकीकडे पोरांचा हा मोठा. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं जाऊ दे. पण साहेब म्हणतील या पोरांना वाचायची शिस्त नाही, मग पुढचा वर्ग काढायला परवानगी मिळणार नाही. ती पुन्हा ओंडक्यांवर चढतील."

शिंप्याने यंत्र थांबवलं. तो असं क्वचितच करायचा. "मला यंत्र चालू असल्याशिवाय विचार सुचत नाही," तो म्हणाला. "मी कापड बिघडवतो का?"

बाईंना त्या वेळी ते उत्तर वाटलं नाही.

साहेब आले. चष्म्याची काच पुसत, जपून पाय टाकणारा माणूस. बरोबर काका, आणि काकांचे मेहुणे, कडक इस्त्रीचे कपडे घालून. मेहुणे खोली अशी बघत होते की जणू किल्ली खिशातच आहे.

साहेब म्हणाले, "मुलांनो, तो हरवलेल्या शेळीचा धडा मनात वाचा. मग मी विचारतो."

माना खाली गेल्या. घूं सुरू झालं. साहेबांनी चष्मा वर केला. काकांचा चेहरा उतरला. आणि मेहुणे गरजले, "शांत बसा!"

खोली गप्प झाली. खिडकीचं तावदान तेवढं किणकिणलं.

साहेब भिंगरीजवळ गेले. "बेटा, काय वाचलंस?" भिंगरीने पुस्तकाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. तिने काहीच वाचलं नव्हतं.

बाई गप्प राहिल्या असत्या तर पोरं घाबरली म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांना गुणगुणू द्या."

"काय म्हणालात?" साहेबांनी हात कानामागे धरला.

तोच हात. शहरातली ती मागची भिंत बाईंना पुन्हा दिसली. त्यांनी आवाज चढवला नाही, चढणार नव्हताच. त्या वर्ग ओलांडून साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, सासूबाईंसमोर उभ्या राहायच्या तशा, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून सगळं सांगितलं. वखार, मामलेदार, काटकुळा, भुशातली अक्षरं, पोरांच्या पाठीतली थरथर. साहेब ऐकत राहिले. कानामागचा हात कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नसेल.

"माझ्या घरी शिवणयंत्र चालतं, साहेब," बाई शेवटी म्हणाल्या. "त्या आवाजात त्यांचे टाके सरळ पडतात. या मुलांचंही तसंच आहे. आवाजाकडे बघू नका, टाके बघा."

साहेब म्हणाले, "बरं. वाचू द्या."

बाईंनी मुलांकडे वळून तळवा उघडला, वाचा म्हणून. घूं सुरू झालं, आधी बिचकत, मग भरून. पानं उलटली. धडा संपत आला तसा सगळ्यांचा सूर एकदम खाली उतरला आणि थांबला, करवत ओंडक्यातून बाहेर पडावी तसा.

"हं, बोला आता," बाई म्हणाल्या.

पोरांनी साहेबांना विचारायला सवडच दिली नाही. शेळी कुठून सुटली, कोणत्या कुंपणात अडकली, घरी कोणी आणली, सगळं एकदम. सर्वांत शेवटी भिंगरी म्हणाली, "पण साहेब, ती इतकी लांबून चालत आली. ती पाणी प्यायली का, ते पुस्तकात लिहिलंच नाही."

साहेबांनी पुस्तक हातात घेऊन पान पाहिलं. "खरंच नाही लिहिलं," ते म्हणाले. मग त्यांनी दार उघडलं, ओसरीवर जाऊन वखारीकडे कान दिला आणि परत आले. "सूर तोच आहे," ते हळूच म्हणाले.

त्यांचंही बोलणं आता हळू झालं होतं. काकांनीही कुजबुजत विचारलं, "मग पुढचा वर्ग?"

"काढा. बाईंकडेच द्या."

"छान झालं!" मेहुणे म्हणाले, आणि पहिल्या बाकावरची पोरं दचकून उडाली.

काकांनी मेहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही वखारीत या. करवत चालू असताना गाडीवाल्यांना हाका मारायला मला माणूस मिळत नाही." मेहुणे थोडे दिवस रुसले, मग आले, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची हाक फाटकापासून नाक्यापर्यंत जात राहिली. त्या कामात त्यांच्याइतका सुखी माणूस कोणी पाहिला नाही.

सगळे गेल्यावर काका बाईंना म्हणाले, "इमारत होईपर्यंत म्हणालो होतो मी."

"हो, काका."

"झाली इमारत. आता तुम्ही जाऊ नका."

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या होत्या. बाईंनी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी चेहरा वाचला आणि आत वळून शिंप्याला सांगितलं, "राहिली ती. यंत्र चालू कर तुझं."

मोठ्या बाई बोलायच्या थांबल्या. उन्हं उतरली होती. सदरा अजून मांडीवरच होता.

"पण ती वखार?" नव्या बाईंनी विचारलं. "मला तर तिथे दिसत नाही."

"केव्हाच गेली. काका गेले, मिस्त्री गेले. आता तिथे मोटारी उभ्या राहतात. तुझ्या मुलांनी करवत कधी ऐकलेली नाही. पहिलीतली पोरं दुसरीतल्यांचं ऐकून शिकतात, दुसरीतली तिसरीतल्यांचं. मी कोणाला शिकवलं नाही, कोणाला थांबवलं नाही. मी शाळा सोडल्यावर बंद पडलं असेल असं धरून चालले होते."

"मग मी काय करू?"

"उद्या मी येते. तू रोजच्यासारखा वर्ग घे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई गेल्या आणि मुलांच्या मागे, शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या. नव्या बाईंनी धडा सांगितला. माना खाली गेल्या, घूं सुरू झालं. नव्या बाईंच्या हातात डस्टर होतं, टेबलावर आपटायला उचललेलं. त्या तशाच थांबल्या, ऐकत. समोरच्या मुलाच्या मागे गेल्या आणि डस्टर खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात टेकला. मुलाने वर पाहिलंही नाही. पान उलटलं.

मोठ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना लाकडाचा वास आला म्हणावं तर खोलीत फक्त खडूचा वास होता.

शेवटच्या ओळीपाशी सूर एकदम खाली उतरला आणि थांबला. मुलं वर बघू लागली. नव्या बाईंनी घसा खाकरला, मग काय वाटलं कोण जाणे, मोठ्याने बोलायचं सोडून दिलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "हं, बोला आता."

शेवटच्या बाकावर ते स्पष्ट ऐकू आलं.